मेनूची उजवी कड



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल योजिली जाते ते गृहस्थ मुद्रणव्यवसायातले होते, आणि लेखकाच्या हस्तलिखितापासून छापील पानापर्यंत अक्षराचा जो प्रवास होतो त्यातील कोणताही टप्पा त्यांना हलका वाटत नसे. म्हणूनच, लेखनाच्या साधनांविषयी काही बोलावे अशी चालकांची सूचना आली तेव्हा मी जो विषय घेतला तो वरवर पाहता एका व्याख्यानाचा भार सोसण्याइतका सबळ वाटला नाही, तरी या मालेत तो अस्थानी ठरणार नाही असा मला भरवसा आहे. विषय असा. संगणकावर मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची जी साधने आहेत, ज्यांना सर्वत्र टेक्स्ट एडिटर म्हणतात, त्यांच्या पोटात शेकडो हुकूम असतात. त्यांतील पुष्कळसे हुकूम कळफलकावरील दोन-तीन कळा दाबून तत्क्षणी देता येतात. परंतु कोणत्या हुकमाला कोणत्या कळा हे माणसाला समजावे कसे, आणि ते समजावून देण्याची जी जबाबदारी मेनूकडे येते ती त्याने कोठवर पार पाडली आहे?

मेनू आणि शॉर्टकट हे एकाच हुकमाकडे जाणारे दोन रस्ते असले तरी त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. मेनू डोळ्यांना दिसतो, स्मरणशक्तीकडे काही मागत नाही, आणि अगदी नवख्या माणसालाही आपल्या हाती काय काय आहे याची कल्पना देतो. पण त्याचा मोबदला म्हणून दर खेपेला हात कळफलकावरून उचलून माउसवर न्यावा लागतो, यादी उघडावी लागते, तीतील नेमकी ओळ शोधावी लागते आणि मग पुन्हा हात मूळ जागी आणून तुटलेले वाक्य सांधावे लागते. शॉर्टकटला यांपैकी काहीच लागत नाही. पण तो दिसतही नाही, आणि जे दिसत नाही, किंबहुना जे आहे हेच ठाऊक नाही, त्याची चौकशी करावी अशी बुद्धी माणसाला व्हावी कशी? अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरण्यात सरावलेल्या २५१ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत असे दिसून आले की नेहमीच्या, रोजच्या कामातल्या हुकमांसाठीसुद्धा बहुसंख्य मंडळी पडद्यावरच्या चित्रांवर टिचकी मारत होती, आणि सरावाची वर्षे वाढली म्हणून माणूस आपोआप कळांकडे वळतो हा जो सर्वांचा समज असतो त्याला आधार सापडत नव्हता. हे आळसाचे लक्षण आहे असे मला वाटत नाही. आयबीएममध्ये काम करणारे जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन या दोघांनी १९८७ साली एका निबंधात या वृत्तीची जी मीमांसा केली आहे तिचे सार असे, की संगणकापुढे बसलेला माणूस काम उरकण्यासाठी बसलेला असतो, शिकण्यासाठी नव्हे. शिकण्यात आज घालवलेला वेळ उद्या व्याजासकट परत मिळणार असला तरी आजचे पत्र आजच जायचे असते. सबब शिकवण्याचे काम जे साधन कामापासून अलग काढून पुस्तकात नेऊन ठेवते, त्याचे शिक्षण कोणी घेत नाही.

या अडचणीवर जो उपाय सर्वत्र रूढ झाला तो आपल्या सर्वांच्या रोजच्या पाहण्यातला आहे: मेनू उघडला की डाव्या कडेला हुकमाचे नाव आणि उजव्या कडेला त्याच्या कळा. ॲपलच्या लिसा या संगणकावर, म्हणजे १९८३ साली, ही वहिवाट स्पष्ट दिसते, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या मॅकिंटॉशने ती घरोघरी पोचवली. त्या उजव्या कडेलाही एक इतिहास आहे. प्रथम प्रत्येक शॉर्टकटपुढे ॲपलचे बोधचिन्ह असलेले सफरचंद छापावे असे ठरले होते. मेनूत सफरचंदांची ती गर्दी पाहून स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या चिन्हाचा असा अपव्यय होऊ देण्यास नकार दिला, आणि चित्रकार सुझन केअर यांनी चिन्हांच्या एका कोशातून, स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखवण्यासाठी वापरले जाणारे, चार कोपऱ्यांना चार वेटोळी असलेले एक चिन्ह शोधून काढले, जे आजही मॅकच्या कमांड या कळेवर विराजमान आहे. आणखी एक गोष्ट मॅकने केली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण मला ती उजव्या कडेपेक्षाही सूक्ष्म विचाराची वाटते: कळा दाबून हुकूम दिला की तो हुकूम ज्या मेनूत राहतो त्या मेनूचे शीर्षक क्षणभर उजळते. म्हणजे कळांनी काम करणाऱ्याला, न विचारताच, त्या कामाचा पत्ता सांगितला जातो.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. मेनूच्या उजव्या कडेला कळा छापणे आवश्यक आहे, परंतु ते पुरेसे नाही. आणि पुरेसे नसण्याचे कारण मेनू वापरण्याच्या क्रियेतच दडलेले आहे. ज्या क्षणी दृष्टी उजव्या कडेपर्यंत पोचू शकली असती त्या क्षणी माउसचा बाण त्या ओळीवर येऊन ठेपलेला असतो, बोटाची एक टिचकी बाकी असते, आणि ती टिचकी पडली की गरज संपते. कळांची ती अक्षरे वाचण्याचे प्रयोजन ज्या क्षणी उत्पन्न व्हायचे त्याच क्षणी नाहीसे होते. वाचलीच, तरी वाचणे म्हणजे करणे नव्हे. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार हस्तलिखितावरून नजर न काढता केसच्या नेमक्या खणातून नेमका खिळा उचलीत असे. तो खण त्याला कोणी वाचून दाखवला म्हणून ठाऊक झालेला नव्हता, तर उमेदवारीच्या काळात त्याचा हात त्याच खणाकडे असंख्य वेळा गेलेला होता. मेनूवर टिचकी मारणाऱ्याचा हात कळेकडे एकदाही गेलेला नसतो. दहा वर्षे त्याने मेनूतून मजकूर जतन केला तर दहा वर्षांचा सराव त्याला मेनूचाच होतो. तेव्हा ज्या मेनूला शॉर्टकट शिकवायचा आहे त्याची रचना अशी हवी की नवख्याने मेनूतून काम करताना जी हालचाल करावी तीच हालचाल जाणत्याने मेनूशिवाय करावी. रस्ता एकच असावा, भेद फक्त वेगाचा असावा.

हे तत्त्व टोरोंटो विद्यापीठात गॉर्डन कुर्टेनबाख यांनी १९९३ सालच्या आपल्या प्रबंधात स्पष्ट शब्दांत मांडले. त्यांचा विषय कळा नव्हता, लेखणीने किंवा माउसने ओढावयाच्या रेघा हा होता: बटण दाबून माणूस सुमारे एक तृतीयांश सेकंद थांबला तर त्याच्याभोवती वर्तुळाकार मेनू उमटतो, न थांबता त्याने योग्य दिशेला रेघ ओढली तर मेनू न उमटताच हुकूम रुजू होतो, आणि दोन्ही वेळी हाताची हालचाल तंतोतंत तीच. विद्वानांनी तत्त्व मांडण्यापूर्वी कारागीर ते आचरीत असतात, असा अनुभव कलांच्या इतिहासात वारंवार येतो, आणि येथेही तसेच घडले आहे. कारण या तत्त्वाचा सर्वांत सुंदर आविष्कार मला दिसतो तो सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीने बाजारात आणलेल्या आणि रॉब बार्नबी यांनी घडवलेल्या वर्डस्टारमध्ये.

आपल्याकडील पहिल्या संगणकवर्गांत डॉस, वर्डस्टार आणि लोटस ही त्रयी ज्यांनी वह्यांत हुकूम उतरवून घेत पाठ केली, त्यांच्यापैकी काही श्रोते येथे असतील. त्यांना हे वर्णन नवे वाटणार नाही. त्या काळच्या कित्येक टर्मिनलांवर बाणांच्या कळाच नव्हत्या. सबब वर्डस्टारने कंट्रोल ही कळ दाबून ठेवून ई या कळेने वर, एक्सने खाली, एसने डावीकडे आणि डीने उजवीकडे सरकण्याची तजवीज केली. आणि या चार कळा डाव्या हाताखाली अशा बसल्या आहेत की दिशा आणि जागा यांचा मेळ बुद्धीला विचारल्याशिवाय बोटांनाच उमगावा. एसच्या आणखी डावीकडे ए आहे, तो एक अक्षर नव्हे तर एक शब्द मागे नेतो. डीच्या उजवीकडे एफ आहे, तो एक शब्द पुढे नेतो. कंट्रोल-क्यू आधी दाबले की याच हालचाली मोठ्या होतात: क्यू आणि मग एस म्हणजे ओळीचा आरंभ, क्यू आणि मग डी म्हणजे ओळीचा शेवट. मजकुराचे खंड आणि फायली यांचा सगळा कारभार कंट्रोल-के या कळेच्या दफ्तरात: बी म्हणजे खंडाचा आरंभ, पुन्हा के म्हणजे त्याचा अंत, एस म्हणजे मजकूर जतन करून पुढे चालू. आता यातली खुबी पाहा. कंट्रोल-के दाबून लिहिणारा पुढची कळ न आठवल्यामुळे अंमळ थबकला, तर पडद्याच्या वरच्या अंगाला त्या दफ्तरातील सर्व हुकुमांची फेरिस्त उलगडत असे. न थबकता त्याने पुढची कळ दाबली तर फेरिस्त उघडण्याचे कारणच पडत नसे. ज्याला ठाऊक नाही तो आपोआप थांबतो, आणि ते थांबणे हीच त्याची पृच्छा. वेगळे मदतपुस्तक उघडण्याची, वेगळी कळ दाबण्याची, आपले अज्ञान जाहीर करण्याची गरज नाही. शिवाय ही मदत शून्यापासून तीनपर्यंतच्या पायऱ्यांत कमीजास्त करता येई: तिसऱ्या पायरीवर मुख्य मेनू पडद्यावर सतत उभा, दुसरीवर तो हटून केवळ थबकल्यावर उघडणाऱ्या फेरिस्ती शिल्लक, आणि शून्यावर पूर्ण मौन. गुरूने हळूहळू बाजूला व्हावे हा आपल्याकडचा जुना संकेत एका अमेरिकन प्रोग्रामने इतक्या निगुतीने पाळावा, याचे मला आजही कौतुक वाटते.

विंडोजमध्येही हे तत्त्व वेगळ्या रूपाने वावरत होते. १९८७ साली आयबीएमने वापरपद्धतीचे जे एकसारखे नियम प्रसिद्ध केले त्यांत मेनूतील प्रत्येक नावातील एका अक्षराखाली रेघ देण्याचा शिरस्ता होता, आणि ऑल्ट ही कळ दाबून ती रेघांकित अक्षरे क्रमाने दाबली की मेनू उघडत उघडत हुकमापर्यंत जाता येई. उजव्या कडेच्या शॉर्टकटपेक्षा ही अक्षरे लांबची खरी, पण शिकवण्याच्या दृष्टीने श्रेष्ठ. कारण हळू जाणारा डोळ्यांनी वाचत वाचत त्याच कळा दाबतो ज्या वेगाने जाणारा न वाचता दाबतो. असे असूनही विंडोज २००० मध्ये या रेघा ऑल्ट दाबेपर्यंत लपवून ठेवण्याचा निर्णय झाला. ज्या खुणेचे एकमेव प्रयोजन अजाणत्याला ऑल्ट दाबण्याची बुद्धी व्हावी हे, ती खूण ऑल्ट दाबणाऱ्यालाच दाखवायची! पडदा स्वच्छ दिसावा हा हेतू असेल. पण स्वच्छतेच्या नावाखाली दिशादर्शक पाट्या काढून टाकणाऱ्या नगरपालिकेला आपण काय म्हणू?

याच इतिहासात एक करमणुकीचा प्रसंग आहे. २००७ सालच्या ऑफिसमध्ये जुने मेनू काढून टाकले गेले आणि त्यांच्या जागी चित्रांची पट्टी आली. परंतु हिशेबनीस मंडळींची बोटे ऑल्ट, ई, एस, व्ही या क्रमाला इतकी बांधली गेली होती की एक्सेलला तो क्रम पुढेही मान्य करावा लागला, आणि आजही तो चालतो. ज्या एडिट नावाच्या मेनूतील ती ई होती तो मेनू पडद्यावर कोठेही नाही. घर पाडले गेले, घराकडे जाणारी पायवाट तेवढी राहिली, आणि जे त्या घरात कधी राहिले नव्हते अशा तरुण कारकुनांनाही ज्येष्ठ सहकारी ती वाट तोंडी सांगत असतात. मेनू नाहीसा झाला की शॉर्टकट मरत नाही, पण त्याचे ज्ञान कर्णोपकर्णी परंपरेच्या स्वाधीन होते.

अशा परंपरेवरच जे जगले त्या दोन थोर एडिटरांकडे आता वळू. व्हीआय हा एडिटर बर्कलीमध्ये बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला, तो अत्यंत मंद गतीच्या टेलिफोन-जोडणीवर; पडद्यावर एकेक अक्षर सावकाश उमटत असताना हुकूम जितका आखूड तितका बरा, आणि मेनू रंगवण्याची चैन तर परवडणारीच नव्हती. व्हीआयमध्ये बाणांऐवजी एच्, जे, के, एल् या कळांनी हालचाल होते, आणि नवख्यांना हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. परंतु जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलावर काम करीत होते त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. म्हणजे जन्मसमयी व्हीआयचा हा शॉर्टकट गूढ नव्हता, तो कळेवरच लिहिलेला होता. टर्मिनले बदलली, बाण गेले, आणि जे एकेकाळी उघड होते ते दीक्षितांचे ज्ञान बनले. बहुतेक गूढविद्यांचा इतिहास असाच असावा अशी मला शंका आहे.

ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ साली व्हिम या नावाने व्हीआयचा विस्तारित अवतार प्रसिद्ध केला, आणि पुढे त्याला खिडकी-मेनू असलेले जीव्हिम हे रूपही मिळाले. त्या रूपातील मेनू हा मला या विषयातील एक बहुमोल दस्तऐवज वाटतो. तेथे जतन करण्याच्या ओळीपुढे उजव्या कडेला कोलन आणि डब्ल्यू लिहिलेले आहे, पूर्ववत करण्यापुढे नुसते यू, आणि सर्व मजकूर निवडण्यापुढे लहान जी दोनदा, मग मोठा व्ही, मग मोठा जी. हा शेवटचा हुकूम एकच कळ नाही, ते एक वाक्य आहे: पहिल्या ओळीवर जा, ओळींची निवड सुरू कर, शेवटच्या ओळीपर्यंत जा. ज्याने हा मेनू काही दिवस लक्षपूर्वक वाचला त्याला एक हुकूम नव्हे, हुकूम रचण्याचे व्याकरण मिळते. मोठा व्ही आणि मोठा जी यांचा अर्थ उमगला की इथून शेवटपर्यंत निवडणे त्याला कोणी न सांगता जमते. सर्वसाधारण एडिटरात उजवी कड शब्दकोश असते, येथे ती पाठ्यपुस्तक झाली आहे. परंतु त्यात एक वैगुण्य आहे, आणि ते लहान नाही. जीव्हिमच्या मेनूतील ही उजवी कड म्हणजे मेनू लिहिणाऱ्याने हाताने घातलेला निव्वळ मजकूर. वापरणाऱ्याने आपल्या सोयीने कळांची योजना बदलली तरी मेनूला त्याची वार्ता नसते, आणि तो जुनीच माहिती शपथपूर्वक सांगत राहतो.

या बाबतीत ईमॅक्सचा आदर्श निराळा आहे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या खटपटीतून १९७६ साली जन्मलेला आणि १९८५ पासून स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातून प्रसृत झालेला हा एडिटर प्रथमपासून असा दावा करीत आला की तो आपले वर्णन आपणच करतो, आणि मेनूच्या संदर्भात तो दावा खरा आहे. मेनू उघडताना तो त्या घटकेला अमलात असलेल्या कळांच्या नोंदवहीत रुजुवात करून उजवी कड भरतो. आपण कळ बदला, मेनू बदलतो. कळ काढून घ्या, ती जागा रिकामी होते. इतकेच नव्हे, एखादा हुकूम त्याचे लांबलचक नाव टंकून दिला आणि त्याला शॉर्टकट असला, तर काम झाल्यावर तळाच्या ओळीत तो नम्रपणे सुचवतो की हेच काम या कळांनी झाले असते. कंट्रोल-एक्स दाबून पुढे काय हे आठवेनासे झाले तर कंट्रोल-एच् दाबावे, त्या उपसर्गाखालील सर्व हुकूम समोर येतात. आणि केवळ थबकल्यावर फेरिस्त उलगडावी, ही वर्डस्टारची युक्ती आता ईमॅक्सच्या तिसाव्या आवृत्तीत मूळ संचातच समाविष्ट झाली आहे. हेलिक्स या अलीकडच्या एडिटरात तर अशी फेरिस्त आपोआपच उघडते. असे असता ईमॅक्सचे जुने उपासक नव्यांना पहिला उपदेश कोणता करतात? मेनूची पट्टी बंद करून टाका, हा! स्वतः शिखरावर पोचल्यावर शिडी काढून घेण्याची ही वृत्ती विद्वानांत नेहमी आढळते, तेव्हा प्रोग्रामरांनाच दोष देण्यात अर्थ नाही.

मेनूने जे सांगायचे ते वाचणाऱ्याला समजेल अशा खुणांनी सांगावे, हीही एक स्वतंत्र बाब आहे. नॅनो हा साधा एडिटर पडद्याच्या तळच्या दोन ओळींत आपले मुख्य हुकूम सदैव मांडून ठेवतो, आणि ही उदारता स्तुत्य आहे. पण त्यातील टोपीसारखे चिन्ह म्हणजे कंट्रोल, आणि एमपुढे आडवी रेघ म्हणजे मेटा, हे ज्याला आधीच ठाऊक नाही त्याला त्या ओळी ताम्रपटासारख्या दिसतात. मेटा नावाची कळ तर त्याच्या कळफलकावर शोधूनही सापडणार नाही. मॅकच्या मेनूत ऑप्शन आणि कंट्रोल या कळांची जी चिन्हे येतात ती कित्येक कळफलकांवर वर्षानुवर्षे छापलेलीच नव्हती.

अलीकडे मेनूची जागा शोधपेटीने घ्यावी असा एक विचार बळावला आहे. २०११ च्या सुमारास सब्लाइम टेक्स्टने आणि पुढे व्हीएस कोडने ही पद्धत लोकप्रिय केली: कळ दाबून एक पेटी उघडावी, हुकमाच्या नावातील चार अक्षरे टंकावी, जुळणारे हुकूम आपल्या कळांसह खाली उतरतात. हात कळफलकावरून हलत नाही हा मोठाच लाभ. तथापि शोधणाऱ्याला शोधायच्या गोष्टीचे नाव ठाऊक असावे लागते. मेनू मात्र त्यालाही उपयोगी पडतो ज्याला आपण काय शोधतो आहोत हेच माहीत नाही. मॅकने २००७ साली आपल्या मदतीच्या मेनूत जी शोधपेटी ठेवली ती या दृष्टीने अधिक शहाणी आहे: शब्द टंकला की ती प्रत्यक्ष मेनू उघडून, त्यातील त्या ओळीवर बाण रोखून, उजव्या कडेच्या कळांसकट तो हुकूम त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांमध्ये दाखवते.

ॲपलमध्येच दीर्घकाळ काम केलेल्या ब्रूस टॉग्नाझिनी यांनी या सगळ्या खटाटोपालाच हरकत घेतली होती, तिचाही परामर्श घेतला पाहिजे. त्यांचे प्रतिपादन असे की मोजणी केली असता माउसच जलद ठरतो. कळा जलद वाटतात, कारण कळ आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या जमाखर्चात धरलाच जात नाही. क्वचित लागणाऱ्या हुकमांपुरते हे मला मान्य आहे. परंतु ज्याचे दोन्ही हात दिवसभर कळफलकावरच आहेत, आणि जो एकच हुकूम दिवसातून शंभर वेळा देतो, त्याला आठवण्याचा वेळ लागतच नाही. तो आठवीत नाही, तो करतो. त्या अवस्थेपर्यंत त्याला न्यायचे कसे, एवढाच प्रश्न. टोव्ही ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन उपाय विशेष गुणकारी ठरले: मेनूतून हुकूम निवडला की त्याच्या कळा मोठ्याने उच्चारून ऐकवणे, आणि, अधिक कठोर म्हणजे, मेनूत कळा दाखवायच्या पण तेथून काम होऊ द्यायचे नाही, ते कळांनीच करायला लावायचे. दुसरा उपाय परिणामकारक असेल, पण तो छडीचा आहे, आणि पत्र पूर्ण करण्याच्या घाईत असलेल्या माणसावर छडी उगारणारा एडिटर फार काळ त्याच्या संगणकावर राहणार नाही. २०१३ साली सिल्व्हेन मालाक्रिया आदी संशोधकांनी सुचवलेली वाट मला अधिक पसंत आहे: कंट्रोल दाबून धरताच सर्व मेनूंतील शॉर्टकट एकदम डोळ्यांसमोर यावेत आणि माणसाने वाचून त्याच घटकेला तीच कळ दाबावी. आयपॅडला कळफलक जोडून कमांड ही कळ धरून ठेवली की २०१५ पासून जवळजवळ असेच घडते.

आता आपल्या घराकडे पाहू. आतापर्यंत ज्या योजना सांगितल्या त्यांतील बहुतेकींचा पाया इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावर आहे. जतन करण्यासाठी एस का, हे इंग्रजी जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही, आणि मराठी मेनू वाचणाऱ्याला सांगूनही त्याचा उपयोग होत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरांत ही अडचण ओलांडण्यासाठी मराठी नावापुढे कंसात एक एकटे रोमन अक्षर ठेवून त्याखाली रेघ देण्याचा तोडगा अनेक ठिकाणी काढलेला दिसतो. तो प्रामाणिक आहे, पण ते अक्षर त्या मराठी नावाशी कोणत्याही नात्याने बांधलेले नाही, आणि नाते नसलेली गोष्ट केवळ सरावानेच ध्यानात राहते; म्हणजे हालचालीतून शिकवणाऱ्या मेनूची गरज इंग्रजी लेखकापेक्षा मराठी लेखकाला अधिक. जागेवर बेतलेल्या योजना मात्र आपल्याला जशाच्या तशा उपयोगी पडतात. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांसाठीच्या एक्स, सी, व्ही या कळा शेजारी शेजारी आहेत म्हणून सर्वांच्या बोटांत बसल्या. व्ही हे चिकटवण्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर नाही याची आठवणही कोणाला राहिलेली नाही.

त्यापुढची अडचण कळफलकाची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत एसच्या जागी एकाराची मात्रा येते, आणि एच्, जे, के, एल् या चार कळांवर प, र, क, त ही अक्षरे. इन्स्क्रिप्ट चालू असताना व्हिममध्ये खाली जाण्यासाठी जे दाबावे तर त्याच्या हाती र पडतो, ज्याचा त्याला काही अर्थ लागत नाही. आणि बाहेर पडण्याच्या त्या सुप्रसिद्ध हुकमासाठी कोलन आणि क्यू दाबावेत तर त्याला छ आणि औकाराचे चिन्ह मिळते. व्हिममध्ये यावर लँगमॅप आणि कीमॅप या नावांच्या सोयी आहेत. ईमॅक्स आपली देवनागरी लेखनपद्धती स्वतःच बाळगतो, आणि त्यामुळे मराठी लिहीत असतानाही त्याचे कंट्रोलचे हुकूम अबाधित राहतात. परंतु या सोयी आहेत हे मेनूतून सहज उमगत नाही. ज्याला त्या हव्यात त्याला त्या शोधून काढाव्या लागतात, म्हणजे पुन्हा मूळ प्रश्न.

पुण्यामुंबईच्या छापखान्यांत पेजमेकरवर श्रीलिपीसारख्या फाँटांनी मजकूर जुळवणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बोटांच्या गतीपुढे कोणत्याही व्हिमभक्ताने नम्र व्हावे अशी ती असते. ऱ्हस्वदीर्घाची, अर्ध्या अक्षरांची, क्वचित येणाऱ्या जोडाक्षरांची एकेक संख्या ऑल्ट दाबून ते टंकतात. आणि नव्याने आलेल्या मुलासाठी त्या संख्यांचा तक्ता पडद्याच्या कडेला किंवा समोरच्या भिंतीवर चिकटवलेला असतो, ज्याची छायाप्रत एका छापखान्यातून दुसऱ्यात गेलेली असते. तो तक्ता म्हणजे एडिटरने न दिलेला मेनूच आहे. कंट्रोल-के दाबून लिहिणारा थबकला की फेरिस्त उलगडावी ही व्यवस्था आठ बिटांच्या संगणकावर चालत होती. ऑल्ट दाबून ऑपरेटर थबकला की जोडाक्षरांची फेरिस्त त्याच्या डोळ्यांसमोर यावी, यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. अडचण आहे ती इतकीच की एडिटर घडवणारा आणि मराठी मजकूर जुळवणारा यांची गाठ सहसा पडत नाही.